साठवलेली चिल्लर बँकेत भरायची आहे? मोजणी घरीच संपवा

बाबांनी वह्या-पेनांचं छोटं दुकान बंद केलं, तेव्हा गल्ल्यामागच्या फळीवरचे स्टीलचे तीन डबे घरी आले. रोज रात्री हिशेब झाला की उरलेले सुटे ते त्या डब्यांत टाकायचे. "कधीतरी बँकेत भरू," असं म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. शेवटी एका सोमवारी सकाळी मी तिन्ही डबे एका रेक्झिनच्या पिशवीत ओतले आणि बँकेत गेले. अर्ध्या तासाने ती पिशवी तशीच्या तशी घरी परत आली.

कॅशियरने नाणी घ्यायला नकार दिला असं नाही. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, माझ्यामागच्या रांगेकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे आत्ता मोजणार कोण?"

त्या वेळी मला राग आला होता. पण तीन आठवड्यांनी तीच नाणी त्याच शाखेत सुमारे पस्तीस मिनिटांत जमा झाली. मधल्या काळात फरक पडला तो एवढाच, की त्या प्रश्नाचं उत्तर मी घरूनच घेऊन गेले. चिल्लर भरण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. नाणी मोजणं हे आपलं काम आणि मोजलेलं पडताळून पाहणं हे बँकेचं. मोजणीचं काम आपण काउंटरवर नेऊन टाकलं की सगळं तिथेच अडतं.

आधी हक्काचं काय ते

पन्नास पैसे आणि एक, दोन, पाच, दहा, वीस रुपये ही सगळी नाणी आज कायदेशीर चलन आहेत, मग त्यांचा आकार, ठसा किंवा वर्ष कोणतंही असो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. डब्यात चाराणे, वीस पैसे, दहा पैसे सापडले तर ते पहिल्याच फेरीत बाजूला काढा, बँक ते घेणार नाही. अधेली म्हणजे आठ आण्याचं नाणं अजून चालू आहे. दुकानदार घेत नाहीत म्हणून ती बंद झाली असं अनेकांना वाटतं, पण ते खरं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या बँकांना स्पष्ट सूचना आहेत की कोणत्याही शाखेने काउंटरवर आलेली नाणी नाकारू नयेत. ती खात्यात भरायला घ्यावीत, तशीच बदलूनही द्यावीत. ही सोय फक्त खातेदारांसाठी नाही, सर्वसामान्य लोकांसाठी आहे. त्याच सूचनांमध्ये पुढे म्हटलं आहे की एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजनाने घ्यावीत, पण शंभर-शंभर नाण्यांच्या पॉलिथिनच्या पुड्या केल्या तर कॅशियर आणि ग्राहक दोघांनाही जास्त सोयीचं होईल, आणि अशा पिशव्या शाखेने काउंटरवर ठेवून ग्राहकांना द्याव्यात. या एका वाक्याने माझं अर्धं काम सोपं केलं. शंभराची पुडी हे माप बँकेच्या ओळखीचं आहे, त्यामुळे आपणही तेच धरावं.

आता हजार रुपयांच्या मर्यादेबद्दल, कारण काउंटरवर कधीकधी हीच पुढे केली जाते. नाणे अधिनियम, २०११ च्या कलम ६ प्रमाणे एक रुपया व त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत, अधेली दहा रुपयांपर्यंत. म्हणजे कुणाचं हजारापेक्षा जास्त देणं आपण नुसत्या नाण्यांत फेडायला निघालो, तर समोरचा नाही म्हणू शकतो. बँकेत भरण्यावर ही मर्यादा नाही. ग्राहकाकडून कितीही रकमेची नाणी घ्यायला बँका मोकळ्या आहेत, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. "मोकळ्या आहेत" हे शब्द मात्र नीट वाचा. पन्नास हजार नाणी एका दिवसात उतरवून घ्यायला कुठलीच लहान शाखा तयार होणार नाही, आणि त्यात तिचं फारसं चुकतही नाही. त्यामुळे रक्कम मोठी असेल तर ती खेपांमध्ये नेण्याची मनाची तयारी ठेवा.

वेगळं करणं

जमिनीवर जुनी चादर अंथरा, त्यावर सगळा खुर्दा ओता आणि दोन मोठ्या पराती जवळ घ्या. मोजायला लगेच बसू नका. पहिल्या फेरीत फक्त नको ते काढायचं. चाराणे आणि त्याखालची नाणी, परदेशी नाणी, टोकन, बटणं, वॉशर, कुलपाच्या किल्ल्या. आमच्या डब्यांत वजनकाट्याचं एक पितळी वजनही निघालं. कापलेली, भोक पाडलेली, वितळलेली किंवा ओळखता न येण्याइतकी झिजलेली नाणीही वेगळी ठेवा. ती चांगल्या पुडीत घुसली तर पूर्ण पुडीवर शंका येते.

दुसऱ्या फेरीत किमतीप्रमाणे ढीग करायचे. दहा आणि वीसची नाणी चटकन ओळखू येतात. दहाचं गोल, पिवळ्या कडेचं. वीसचं बारा बाजूंचं. दहाच्या नाण्याबद्दल अजूनही अफवा फिरतात की दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, किंवा ₹ चिन्ह नसलेलं चालत नाही. दोन्ही चालतात. दहाच्या नाण्याचे चौदा वेगवेगळे नमुने निघालेले असून ते सगळे वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं.

खरा घोळ होतो तो एक आणि दोन रुपयांत. तिथे सावकाश जा. जुन्या स्टेनलेस स्टीलच्या एक रुपयाचा व्यास २५ मिलिमीटर आणि वजन ४.८५ ग्रॅम. २०११ मध्ये ₹ चिन्ह घेऊन आलेल्या दोन रुपयांच्या नाण्याचा व्यासही २५ मिलिमीटर आणि वजनही ४.८५ ग्रॅमच. दोन्ही पांढरी, दोन्ही गोल. बोटांना फरक कळत नाही आणि काट्यालाही कळत नाही. २०११ च्याच मालिकेतला रुपया आकाराने लहान आहे, २२ मिलिमीटरच्या आतला, त्यामुळे तो लगेच वेगळा दिसतो. त्याआधीची हाताच्या मुद्रेची नाणी असतील तर बोटं मोजा. एक बोट वर असलेला रुपया, दोन बोटांचे दोन रुपये. अकरा कोपऱ्यांचं जुनं दोन रुपयांचं नाणं ओळखायला काहीच त्रास नाही. बाकीच्या बाबतीत एकच उपाय, प्रत्येक नाणं अंकाची बाजू वर करून पाहणं. मी आणि बाबा समोरासमोर बसलो होतो. त्यांनी अंक वाचायचा आणि मी ढिगात टाकायचं. त्यांचं चाळीस वर्षांचं दुकान, त्यांची नजर माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने चालत होती.

पाच रुपयांत दोन जाती आहेत. जुनं जाडजूड, साधारण ९ ग्रॅमचं, आणि नंतरचं पातळ, ६ ते ७ ग्रॅमचं. किंमत एकच, त्यामुळे एकाच ढिगात टाकायला हरकत नाही. पण मोजताना याचा फटका बसतो, ते पुढे सांगते.

धुवायची का? नाणी चिकट, तेलकट किंवा कुंकवाने माखलेली असतील तर होय. कोमट पाणी, थोडा साबण, चाळणीत निथळून घ्यायची आणि टॉवेलवर पूर्ण वाळेपर्यंत पसरून ठेवायची. चिंच, लिंबू, ॲसिड लावून चकचकीत करण्याची काहीच गरज नाही, धातू खराब होतो. आणि ओली नाणी पॉलिथिनमध्ये कधीच बांधू नका. आत पाणी सुटतं, नाणी एकमेकांना चिकटतात आणि काउंटरवर ती पुडी हातात धरवत नाही.

मोजणी आणि पुड्या

दहा-दहाच्या चळती रचा. दहा चळतींची एक ओळ म्हणजे शंभर. ओळ पूर्ण झाली की लगेच पिशवीत भरायची, दुसरी ओळ सुरू करायची नाही. आपल्याला वाटतं की ओळी लावून ठेवू आणि शेवटी एकदम भरू. तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागतो आणि चारशे नाणी पुन्हा मोजावी लागतात.

चळतींच्या उंचीवर विश्वास ठेवू नका. जाड आणि पातळ पाच रुपये एकत्र आले की दहाची एक चळत दुसऱ्या दहाच्या चळतीपेक्षा उंच दिसते. आपण उंची सारखी करायला जातो आणि एका चळतीत अकरा, दुसरीत नऊ नाणी होतात. उंची सोडा, संख्या मोजा. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने पिशवीत भरताना पुन्हा मोजायचं. घरात दुसरं कुणी नसेल तर एका दिवशी मोजा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी तपासा.

किचनमधला डिजिटल काटा हाताशी असेल तर त्याचा उपयोग दहाच्या पुडीपुरता होतो. २०११ पासूनचं ₹ चिन्हाचं दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, म्हणजे शंभरांची पुडी पाऊण किलोच्या थोडी वर भरायला हवी. दोन पुड्यांच्या वजनात आठ ग्रॅमच्या आसपास फरक आला तर समजा एक नाणं कमी-जास्त आहे. एक, दोन आणि पाच रुपयांत वेगवेगळ्या मालिका मिसळलेल्या असतात, तिथे घरच्या काट्यावर भिस्त ठेवू नका.

पिशवी पारदर्शक आणि जाड घ्या. आतलं नाणं दिसलं पाहिजे, म्हणजे एका पुडीत एकच किंमत आहे हे बाहेरूनच कळतं. तोंडाला रबरबँड किंवा साधी गाठ पुरे. सेलोटेपचे वेढे देऊ नका, वर्तमानपत्राच्या सुरळ्याही करू नका. कॅशियरला ते उघडून पाहावं लागणारच आहे, आणि उघडायला जितका वेळ लागेल तितका त्यांचा धीर कमी होईल. प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घाला: नाव, खाते क्रमांक, "२ रुपये × १०० = २००". चिठ्ठीवरचा मजकूर पिशवीतून वाचता येईल अशी ती कडेला सरकवा.

शंभर पूर्ण न भरणारी नाणी घरीच ठेवा. ४३ नाण्यांची अर्धवट पुडी संपूर्ण हिशेबाची घडी विसकटते. ती रोजच्या खर्चाला वापरा. फक्त त्यातली प्रत्येक किमतीची दहा-दहा नाणी एका छोट्या पाकिटात काढून ठेवा, ती बँकेत न्यायची आहेत. कशासाठी ते काउंटरवर गेल्यावर कळेल.

आमचा शेवटचा हिशेब असा झाला:

१० रुपये × ३०० = ३,०००
५ रुपये × ७०० = ३,५००
२ रुपये × ९०० = १,८००
१ रुपया × ६०० = ६००
एकूण २५ पुड्या, २,५०० नाणी, ८,९०० रुपये

हाच तक्ता एका कोऱ्या कागदावर दोन प्रतींत लिहिला. एक बँकेला, एक आपल्याकडे. वजन चौदा किलोच्या आसपास झालं. एवढं वजन एका पिशवीत नेऊ नका. दोन मजबूत कापडी पिशव्या, दोन हातांत सारखी वाटलेली. घरातल्या वयस्कर माणसाला हे काम एकट्याने करायला पाठवू नका, सोबत जा.

बँकेशी आधी बोला

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात. पहिल्या वेळी मीही गाळला होता. शक्य असेल तर फोन न करता स्वतः शाखेत जा, रांग कमी असताना कॅशियरना किंवा शाखाधिकाऱ्यांना भेटा. "नाणी घेता का?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला "नाही" हे सगळ्यात सोपं उत्तर आहे. मी असं विचारलं होतं: "ताई, अडीच हजार नाणी आहेत. शंभर-शंभरच्या पुड्या बांधून, चिठ्ठी लावून आणते. तुम्हाला कोणता दिवस आणि कोणती वेळ सोयीची पडेल?"

त्या बाईंनी वहीतून मान वर केली. "पुड्या बांधून आणणार?" आणि मग, "बुधवारी या, अकराच्या पुढे. सकाळची गर्दी ओसरलेली असते."

याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, शुल्क. काही बँका ठरावीक संख्येच्या किंवा रकमेच्या वरच्या नाण्यांवर हाताळणी शुल्क लावतात आणि ते बँकेगणिक, खात्याच्या प्रकारागणिक वेगळं असतं. बँकेच्या सेवाशुल्काच्या तक्त्यात "रोख भरणा" या सदराखाली ते सापडतं. दुसरी, एका दिवशी किती पुड्या घेतील. तिसरी, त्यांच्याकडे पॉलिथिनच्या पिशव्या आहेत का. असतील तर त्याच मागून घ्या, कारण बँकेच्याच पिशव्या ओळखीच्या असल्याने तिथला माणूस निर्धास्त असतो.

वेळ तुम्हीच निवडायची असेल तर महिन्याचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा पगार आणि पेन्शनची गर्दी असते. सोमवार नको, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी नको, मार्चचा शेवट तर नकोच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. दिवसाचा शेवटचा तासही सोडून द्या. त्या वेळी कॅश जुळवायची असते आणि तेव्हा आलेली अडीच हजार नाणी कुणालाच नको असतात. महिन्याच्या मधल्या दहा दिवसांतला मंगळवार ते गुरुवार उत्तम.

शाखा शक्यतो खातं असलेलीच निवडा. रक्कम खूप मोठी असेल, समजा एखाद्या संस्थेची दानपेटी किंवा दुकानाचा वर्षांचा साठा, तर त्याच बँकेची करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा-नाण्यांचा साठा ठेवणारी तिजोरी) असलेली मोठी शाखा कोणती ते विचारा. तिथे नाणी मोजायची यंत्रं असण्याची आणि ती ठेवायला जागा असण्याची शक्यता जास्त. पैसे भरायच्या मशीनमध्ये नाणी घालण्याचा विचारही करू नका. ती यंत्रं नोटांसाठी आहेत, नाणं आत अडकलं तर मशीन बंद पडतं आणि पैसे परत मिळवायला वेगळे खेटे.

काउंटरवर

भरणा पावती घरूनच भरून न्या. नोटांचे रकाने रिकामे ठेवायचे, नाण्यांच्या ओळीत एकूण रक्कम, खाली अक्षरी रक्कम. किमतीनुसारचा तपशील पावतीच्या मागे लिहा किंवा तयार तक्ता जोडा. दोन कोऱ्या पावत्या जादा ठेवा. मोठ्या रोख रकमेसाठी पॅन कार्ड लागतं, ते सोबत असू द्या.

पुड्या पिशवीतून एकदम ओतू नका. एका किमतीच्या सगळ्या पुड्या एकत्र, मोठ्या किमतीकडून लहान किमतीकडे, अशा क्रमाने एकेक गट पुढे सरकवा. त्या दिवशी बाईंनी दहाच्या तीन पुड्या आधी घेतल्या. एक उघडली, ताटलीत ओतली आणि दोन बोटांनी दोन-दोन नाणी ओढत इतक्या झपाट्याने मोजली की माझी नजर पोचेना. शंभर भरली. उरलेल्या दोन त्यांनी काट्यावर ठेवल्या, आकडे जुळले, पुढे. पाचच्या पुड्या त्यांनी सगळ्या उघडल्या, जाड-पातळ मिसळलेली असल्यामुळे.

मग दोनच्या पुड्या. पाचव्या पुडीत त्यांचं बोट थांबलं. एक नाणं त्यांनी उलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. जुना, २५ मिलिमीटरचा एक रुपया. दोघांच्या नजरेखालून गेलेला. मी छोट्या पाकिटातून दोनचं नाणं काढून दिलं, रुपया परत घेतला आणि मोजणी पुढे चालू झाली. ते पाकीट नसतं तर रक्कम ८,८९९ झाली असती. मग पावती खोडायची, पुन्हा लिहायची, तक्ता बदलायचा आणि तोवर रांग खोळंबलेली. म्हणून प्रत्येक किमतीची दहा सुटी नाणी हाताशी हवीतच.

मोजणी होईपर्यंत काउंटर सोडू नका, फोनवर बोलत बाजूला जाऊ नका. नाण्यांचा फरक निघाला तर तो तुमच्यासमोर निघाला पाहिजे. रोख रकमेत काउंटर सोडल्यावर केलेली तक्रार टिकत नाही. फरक निघालाच तर वाद घालण्यापेक्षा ती एकच पुडी पुन्हा मोजायची विनंती करा. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

कधीकधी सांगतात, "ठेवून जा, संध्याकाळी मोजून जमा करतो." ही सोय वाटते, पण त्यात हिशेबाचा पुरावा राहत नाही. नाणी ठेवून यावीच लागली, तर तक्त्याच्या तुमच्या प्रतीवर पुड्यांची संख्या, तारीख, सही आणि शाखेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. त्यापेक्षा दुसरी वेळ मागून घेणं कधीही चांगलं.

पावतीच्या तुमच्या भागावर शिक्का आणि सही आहे का, रक्कम बरोबर आहे का, ते तिथेच पाहा. मेसेज येईपर्यंत थांबा किंवा पासबुकात नोंद करून घ्या.

नाहीच म्हणाले तर

पुड्या बांधून, आधी विचारून गेलेल्या माणसाला नकार मिळण्याची वेळ क्वचित येते. आली तर आवाज न चढवता शाखाधिकाऱ्यांकडे जा. "आमच्याकडे ठेवायला जागा नाही" हे कारण बहुधा खरंच असतं. लहान शाखांच्या तिजोऱ्यांत नाण्यांच्या थैल्या पडून असतात आणि त्या पुढे पाठवायला वेळ लागतो. अशा वेळी दोन-तीन खेपांचा तोडगा सुचवा. "आम्ही नाणी घेतच नाही" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर अनेकदा प्रश्न तिथेच सुटतो.

नाही सुटला तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, शाखा, किती नाणी होती आणि काय उत्तर मिळालं एवढंच, चार ओळींत. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

बट्टा घेऊन चिल्लर उचलणारे लोक भेटतील, शंभरामागे काही रुपये कापून नोटा देणारे. त्यांच्याकडे जाऊ नका. नाण्यावर छापलेली पूर्ण किंमत तुमची आहे. ती कमी करून घेण्याचं कारण नाही. नाणी भंगारात विकून वितळवायला देणं तर सरळ गुन्हा आहे. नाणे अधिनियमात त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

जे बाजूला राहिलं

बाजूला काढलेले चाराणे आणि दहा पैसे पैसा म्हणून आता चालणार नाहीत. पण फेकूही नका. दहा-वीस पैशांची ॲल्युमिनिअमची हलकी, कोपऱ्याकोपऱ्यांची नाणी मुलांना दाखवायला छान आहेत. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना मात्र भुलू नका. आधी "नोंदणी शुल्क" मागणारा कुणीही असो, पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे व्यवहार करणाऱ्यांपासून सावध राहा, असं तिने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः बजावलं आहे. ती अशा कामासाठी कुणालाही नेमत नाही आणि कुठलं शुल्कही घेत नाही. स्मरणार्थ काढलेली वेगळ्या ठशाची नाणी चलनातच आहेत. आवडली तर ठेवा, नाहीतर पुडीत घाला.

अधेल्या आमच्याकडे चाळीसच निघाल्या, म्हणजे वीस रुपयांच्या. त्या पुड्यांसोबत नेल्या नव्हत्या. नंतर एकदा पासबुक भरायला गेले तेव्हा दिल्या, बाईंनी दोन मिनिटांत घेतल्या.

आता तीन डब्यांच्या जागी चार लहान बरण्या आहेत, एकेका किमतीची एकेक. प्रत्येक बरणीच्या तळाशी एक रिकामी पॉलिथिनची पिशवी आणि लिहून ठेवलेली चिठ्ठी आहे. शंभर भरली की बाबा पुडी बांधतात आणि चिठ्ठीवर तारीख टाकतात. पाच पुड्या झाल्या की मी पासबुकाच्या फेरीत त्या घेऊन जाते.